कुसळ-मुसळाचा हंगाम

काल सरळगाव मागं टाकून धसईच्या रस्त्याला लागलो आणि कापलेल्या भाताचा वास आला. या वासानं कोणाला दिवाळी आठवते, कोणाला नव्या तांदळाची भाकरी. माझ्या पोटात मात्र एक बारीक गोळा उठतो, शाळेत तोंडी परीक्षेच्या आधी उठायचा तसा. सात वर्षं झाली तरी उठतोच. त्या वर्षी याच दिवसांत, याच रस्त्यानं, मी दर रविवारी स्कूटर हाकत जायचो. हँडलच्या हुकाला एक कापडी पिशवी असायची, आणि तिच्यातल्या वस्तूंच्या जोरावर मला अकरा मुलांना चांगुलपणा शिकवायचा असायचा.

ते काम मुळात माझ्या बायकोचं, रत्नाचं. आम्ही राहतो आसनगावला, पण आमची ख्रिस्ती मंडळी धसईच्या अलीकडच्या एका वाडीत जमते. मंडळी म्हणजे सात घरं. उपासनेची जागा म्हणजे दानियलभाऊंच्या अंगणाच्या कडेला बांधलेली पत्र्याची खोली. आधी मोठ्यांची उपासना, मग जेवणं, आणि जेवणं झाली की मुलांची रविवारची शाळा. ही शाळा रत्ना कित्येक वर्षं घेत होती. तिची सगळी पद्धत वस्तूंची. एरवी मराठीत वस्तुपाठ घालून देणं म्हणजे स्वतः नीट वागून दुसऱ्याला वाट दाखवणं. रत्नाच्या शाळेत वस्तुपाठ म्हणजे पिशवीतून खरोखरच एखादी वस्तू काढायची, चाळण म्हणा, कुलूप म्हणा, आणि तिच्यावरून देवाची गोष्ट सांगायची. ती हे इतक्या सहज करायची की मला वाटायचं, यात काय एवढं? वस्तूंमध्ये तर माझं आयुष्य गेलं. मी कारखान्यात स्टोअरकीपर होतो. नट, बोल्ट, वॉशर, बेअरिंग. मागितली की काढून द्यायची, आली की जागेवर ठेवायची. वस्तूनं मला कधी उलट प्रश्न विचारला नव्हता.

त्या ऑक्टोबरात माळ्यावरून नाताळचा तारा काढायला रत्ना स्टुलावर चढली आणि ताऱ्यासकट खाली आली. ताऱ्याला काही झालं नाही. रत्नाचा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये गेला. मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, भेटायला आले, त्यांनी प्रार्थना केली, चहा घेतला आणि मग माझ्याकडं बघत बसले. सोसायटीच्या सभेत चेअरमनसाठी नाव सुचवताना लोक बघतात तसे.

“मला मुलांची सवय नाही,” मी आधीच सांगून टाकलं.

“वस्तूंची आहे ना?” पाळकसाहेब म्हणाले. “मग अर्धं काम झालं.”

उरलेलं अर्धं काय असतं ते पहिल्याच रविवारी कळलं. मी खोलीत शिरलो तर अकरा मुलं चटईवर बसलेली. शिकवणाऱ्या बाईला ‘बाई’ म्हणायचं, एवढंच त्यांना माहीत. पुरुष शिकवायला आला तर काय म्हणायचं, यावर माझ्यासमोरच चर्चा झाली आणि दोन मिनिटांत माझं ‘बाईकाका’ असं बारसं झालं. नाव ठेवणारी मालू. दानियलभाऊंची नात, आठ वर्षांची, दोन घट्ट वेण्या, आणि वकिलानं साक्षीदाराकडं बघावं तसं बघायची सवय.

पहिला पाठ मिठाचा होता. येशूनं आपल्या लोकांना पृथ्वीचं मीठ म्हटलंय, तर मीठ काय करतं? चव आणतं, टिकवतं. सोपा पाठ म्हणून रत्नानं मुद्दाम पहिला दिलेला. मी मिठाची पुडी फोडून ताटलीत ओतली आणि विचारलं, “याचा उपयोग काय?” मालूनं क्षणभर विचार केला, उठली, बाहेर गेली आणि फ्रॉकच्या ओच्यात आवळे घेऊन आली. पुढची पंधरा मिनिटं खोलीत फक्त चोखण्याचे आणि दात आंबल्याचे आवाज होते. मी शेवटी ‘आमेन’ म्हणालो तेव्हा ताटलीत मीठ उरलं नव्हतं, आणि मला सांगायचं होतं त्यातलं एक वाक्यही माझ्या तोंडून बाहेर पडलं नव्हतं. घरी येऊन रत्नाला सांगितलं तर तिनं पलंगावरून विचारलं, “तू खाल्लास का आवळा?”

“खाल्ला.”

“मग बरं झालं.”

ती दर रविवारी संध्याकाळी असा हिशेब मागायची. पाय उशीवर, हातात वही. माझ्या तोंडून पराभवाच्या बातम्या ऐकताना तिला इतकं हसू यायचं की प्लास्टरमधला पाय दुखायचा. मी चिडायचो. आज वाटतं, आमच्या लग्नाच्या सगळ्या वर्षांत मी तिला इतकं सलग कधी हसवलं नव्हतं.

दुसऱ्या रविवारी बॅटरी नेली. हा पाठ माझा स्वतःचा, त्याचा मला अभिमान होता. बॅटरीतले सेल काढून तिथं चिंध्या कोंबून ठेवल्या. मुलांपुढं बटण दाबलं. उजेड नाही. “का बरं पडत नाही?” असं म्हणत झाकण उघडलं आणि जादूगारासारखी एकेक चिंधी बाहेर ओढली. “या चिंध्या म्हणजे आपल्या मनातलं पाप. खोटं, चोरी, मत्सर. हे काढल्याशिवाय देवाचा उजेड कसा पडणार?”

मुलं चिंध्यांकडं बघत राहिली. मला वाटलं, जिंकलो.

“चिंध्या कोणी भरल्या?” मालूनं विचारलं.

“मी.”

“कशाला?”

‘देवानं पाप येऊच कशाला दिलं’ या ज्या प्रश्नावर मोठमोठ्या विद्वानांनी केस पांढरे केले म्हणतात, तो प्रश्न मला असा वर्गाच्या शेवटी वाटायच्या बिस्किटांच्या आधी आला. “तुम्हाला दाखवायला,” मी म्हणालो.

“म्हंजे उजेड पडत व्हता. तुमीच बंद केलात.”

मी सेल घातले, बॅटरी लावली आणि बिस्किटं वाटली.

तिसऱ्या रविवारी हरवलेल्या मेंढराची गोष्ट. शंभरातलं एक हरवतं आणि मेंढपाळ नव्याण्णव रानात ठेवून त्या एकाच्या मागं जातो. ही गोष्ट कोणीही सांगितली तरी चांगलीच होते, अशी माझी समजूत होती. पण समोर जॉनी बसला होता. नऊ वर्षांचा जॉनी शाळा सुटल्यावर घरच्या शेळ्या राखायचा, आणि आजवर वर्गात एक शब्द बोलला नव्हता. गोष्ट ऐकता ऐकता तो अस्वस्थ झाला.

“नव्याण्णव रानातच टाकली?” त्यानं विचारलं.

“हो.”

“राखायला कोण?”

“कोणी नाही.”

“असा नाय करीत, काका. आदी बाकीच्या घरी आणून बांधायच्या. मंग जायचा.” तो मला धीर देत असल्यासारखा बोलत होता, मेंढपाळाची चूक माझ्या अंगावर येऊ नये म्हणून. मी पुस्तक उघडून पुन्हा वाचलं. नव्याण्णव रानातच होती. वर्गात दोन पक्ष पडले. एवढ्यात जॉनी स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, “पण हरवलेली लंगडी असंल तर मी बी तसाच जाईन.” आणि मला तो पाठ, जो मी चाळीस वर्षं ऐकत आलो होतो, पहिल्यांदा कळल्यासारखा वाटला.

आता दानियलभाऊंबद्दल सांगायला हवं.

दानियलभाऊ माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठे. उन्हानं काळे पडलेले, कमी बोलणारे. भाताची शेती आणि उपासनेतली ढोलकी, दोन्ही त्यांना वडिलांकडून आलेली. त्या हंगामाच्या तीन वर्षं आधी, पिकाच्या उपकारस्तुतीच्या, म्हणजे नव्या पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या उपासनेत मी एक गीत सुरू केलं. दुसऱ्या कडव्याला ढोलकी थांबली. भरल्या मंडळीत दानियलभाऊ म्हणाले, “आदी सूर ठरवा, मंग गा.” लोक हसले. मलाही हसता आलं असतं. पण मी म्हणालो, “तुम्ही आधी ठरवा, ढोलकी वाजवायची की भात झोडायचं.” त्यावर कोणीच हसलं नाही.

तेव्हापासून आमचं बोलणं बंद. सात घरांच्या मंडळीत अबोला धरणं हे भलतं कष्टाचं काम आहे. चटई एक, पाण्याचा हंडा एक, दार एक. दानियलभाऊ हातभर अंतरावर बसलेले असायचे आणि मी पाळकसाहेबांना म्हणायचो, “त्यांना सांगा, जरा सरकतील का.” पाळकसाहेब सांगायचे. दानियलभाऊ पाळकसाहेबांना म्हणायचे, “सांगा, सरकलो.” तीन वर्षांत मंडळीला याची इतकी सवय झाली की कोणाला वेगळं काही वाटेनासं झालं. घरातल्या मोडक्या खुर्चीसारखं. सगळे तिला वळसा घालून चालतात.

त्यातून मी शिकवायचो ती खोली त्यांच्या खळ्याला लागून. नोव्हेंबर लागला, भारे खळ्यावर आले आणि झोडणी सुरू झाली. त्या वर्षी अवेळी ढग यायला लागले होते, म्हणून रविवारी दुपारीही काम चालायचं. बैल खड्ड्यात पडला तर विसाव्याच्या दिवशीही काढावा, असं म्हणून पाळकसाहेबांनी परवानगी दिली होती. मी ‘देव म्हणतो’ असं म्हणायचो आणि भिंतीपलीकडं धाड्‌! भाताची पेंढी फळीवर आपटायची. ‘एकमेकांवर’, धाड्‌, ‘प्रीती’, धाड्‌, ‘करा’. हे मुद्दाम चाललंय, याबद्दल मला शंका नव्हती. भात झोडण्याला ताल असतो. हा ताल माझ्या वाक्यांवर बसवला होता.

आणि सगळीकडं कुसळं. ज्यांनी भाताचा हंगाम फोटोत बघितलाय त्यांना कुसळ माहीत नसतं. फोटोत सगळं सोनेरी दिसतं. खरं तर ते सोनं टोचतं. पायमोज्यात, कॉलरमध्ये, चटईत, पवित्र शास्त्राच्या पानांत, बिस्किटाच्या पुड्यात कुसळ असायचं. घरी आल्यावर रत्ना मला दारातच कपडे झटकायला लावायची. झटकता झटकताच मला चौथा पाठ सुचला. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही.

मुसळ हवं होतं. दानियलभाऊंच्या शेजारी कमळाबाय राहायच्या, सत्तरीच्या, एकट्या. त्या मंडळीतल्या नव्हत्या, पण मुलांचा आवाज आला की आमच्या दारात येऊन बसायच्या आणि मनाला येईल तिथं बोलायच्या. त्यांच्याकडं सागाचं, टोकाला वसवीचं लोखंडी कडं असलेलं, माझ्या खांद्याएवढं मुसळ होतं. कशाला पाहिजे ते ऐकल्यावर त्या म्हणाल्या, “ही तर आमची म्हण. तुमच्या पुस्तकात कशी गेली?”

“पुस्तक जुनं आहे, कमळाबाय.”

“मुसळ बी जुना हाय. पाडू नका.”

वर्गात मी जॉनीला समोर उभं केलं, त्याच्या गालावर एक कुसळ चिकटवलं, आणि स्वतःच्या डोळ्याला मुसळाचं टोक लावून ते आडवं धरलं. “आता मी जॉनीचं कुसळ काढतो हं.” एक पाऊल पुढं टाकलं तर मुसळाचं दुसरं टोक जॉनीच्या कानाजवळून गेलं. वळलो तर कॅलेंडर पडलं. परत वळलो तर हंड्यावर ठण्‌ असा आवाज झाला आणि पेला घरंगळत कमळाबायच्या पायाशी गेला. मुलं चटईवर लोळायला लागली. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत यशस्वी पाठ होता. नेमकं तिथंच थांबायला हवं होतं.

पण मी घाम पुसून विचारलं, “तर मुलांनो, मुसळ कोणाच्या डोळ्यात असतं?” उत्तर अपेक्षित होतं, ‘आपल्या सगळ्यांच्या.’

“तुमच्या,” मालू म्हणाली.

“हो, आत्ता माझ्या. पण खरं—”

“खराच. तुमी माज्या आज्याशी बोलत नाय.”

भिंतीपलीकडची झोडणी थांबली. इतका वेळ त्या आवाजाला मी शिव्या देत होतो. तो थांबल्यावर लक्षात आलं की भिंत पत्र्याची आहे. अकरा मुलं आणि कमळाबाय माझ्याकडं बघत होत्या.

“डोळे मिटा,” मी म्हणालो. “प्रार्थना करू.”

“डोलं मिटल्यावर मुसळ कसा दिसंल?” कमळाबायनी दारातून विचारलं.

प्रार्थना करून मी पळालोच. इतक्या घाईत की मुसळ परत करायचं राहिलं. कमळाबाय तेवढ्यात शेतावर निघून गेल्या होत्या, दाराला कडी. शेवटी ते मुसळ स्कूटरला आडवं बांधून आसनगावला आणलं. सोसायटीच्या वॉचमननं विचारलं, “साहेब, हे काय?” मी म्हणालो, “शाळेचं साहित्य.” पुढचा आठवडाभर मुसळ आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी उभं होतं. बातम्या बघताना दिसायचं, जेवताना दिसायचं.

रत्नाला मी सगळं सांगितलं, फक्त मालूचं उत्तर गाळलं. तिनं ऐकून घेतलं, वही मिटली आणि म्हणाली, “मालूच्या आईचा फोन येऊन गेला दुपारीच.” मग पाय उशीवर नीट ठेवत, “प्रकाश, तू त्या दिवशी वाईट बोललास. ते पण बोलले. पण तुझं जास्त लागणारं होतं.” मला ते तीन वर्षं माहीत होतं.

पुढच्या रविवारी दानियलभाऊ उपासनेला नव्हते. ढोलकी नव्हती, आणि जेवणानंतर झोडणीचा आवाजही नव्हता. मी मुसळ कमळाबायच्या ओट्यावर ठेवलं आणि वर्गात गेलो. मुलं भिंतीला चिकटून बसली होती. सर्वांत धाकटी एस्तेर, चार वर्षांची, मला बघताच दोन्ही हातांनी डोळे झाकून रडायला लागली.

“काय झालं हिला?”

जॉनी खाली बघत म्हणाला, “दानियलआज्याच्या डोळ्यात कुसळ गेला. झोडताना. तुमी सांगितलात ना, तसाच.”

मुलांनी दोन आणि दोन चार केले होते. बाईकाकांनी कुसळ चिकटवलं आणि ते जाऊन आज्याच्या डोळ्यात बसलं. आता पुढची पाळी कोणाची, एवढाच प्रश्न होता. मी मालूकडं बघितलं. आज तिच्या नजरेत वकील नव्हता.

“गुरवारपासून,” ती म्हणाली. “आयनं दूध घातला, एरंडेल घातला. दवाखान्यात चल सांगितला तर उद्या म्हणतो. भात पडलाय ना खळ्यावर. बाईकाका, त्याचा डोळा पांढरा दिसतो.”

कारखान्यात ग्राइंडरवर काम करणाऱ्यांचे डोळे मी बघितले होते. लाल डोळ्याची फारशी भीती नसते. पांढऱ्या ठिपक्याची असते. मी उठलो. माझ्यामागं अकरा मुलं उठली.

दानियलभाऊ पडवीत बाजेवर बसले होते, डोळ्यावर ओला फडका. समोर खळ्यावर अर्धं भात झोडायचं बाकी, आणि पश्चिमेला आभाळ शाईसारखं.

“दानियलभाऊ, डोळा दाखवा.”

त्यांनी तोंड मालूकडं वळवलं. “त्यांना सांग, डोळा बरा हाय.”

“मी नाय सांगत,” मालू म्हणाली. “तुमचा तुमी सांगा.”

तीन वर्षं आमच्या निरोपांवर चाललेला कारभार त्या क्षणी बंद पडला.

“बरा हाय,” दानियलभाऊ माझ्याकडं न बघता म्हणाले.

“बरा नाही. फडका काढा.”

त्यांनी काढला. बुबुळाच्या कडेला डाळीएवढा पांढरा डाग, भोवती मिरचीसारखं लाल. “चला,” मी म्हणालो.

“भात भिजंल.”

“भाताचा आमी बघतो,” कमळाबाय मागून म्हणाल्या. “तुला काय दिसतंय तवा तू बघणार? ऊठ!”

मी स्कूटर सुरू करेपर्यंत जॉनीनं पहिला भारा उचलला होता. त्याच्यामागं बाकीच्यांची रांग लागत होती, एवढंच मी पाहिलं.

मुरबाडच्या रस्त्याला लागलो. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. खड्डा आला की घट्ट व्हायचा. मग मागून आवाज आला. “त्या दिवशी तुमी पेटीच्या काळी चारला सुरू केला व्हता. एवढ्या उंच सुरात कोन गाणार?”

“मग हळू सांगायचं. सगळ्यांसमोर कशाला?”

एक ओढा गेला. “ती ढोलकी माझ्या बापाची,” ते म्हणाले. “तुमी म्हनलात, भात झोडतो.”

“म्हणालो. चुकलं माझं.”

“काय? वारा हाय. ऐकू नाय आला.”

“चुकलं माझं!”

“अजून मोठ्यानं बोला.”

“दानियलभाऊ, माझं चुकलं!” मी इतक्या जोरात ओरडलो की बांधावरच्या दोन म्हशींनी मान वर केली. तेव्हा कुठं लक्षात आलं की या माणसाला पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं. खांद्यावरचा हात हसण्यानं हलत होता. मग तो थांबला. “माजा बी,” ते म्हणाले. एकदाच. मला स्वच्छ ऐकू आलं.

रविवार असल्यानं दवाखाना बंद. डॉक्टरीणबाई वरच्या मजल्यावर राहायच्या, त्या जेवणावरून उठून खाली आल्या. थेंब टाकले, दिव्याखाली डोळा धरला आणि सुईच्या टोकानं काहीतरी काढून कापसावर ठेवलं. आम्ही दोघं वाकून बघायला लागलो. दिसायला वेळ लागला, इतकं बारीक. डॉक्टरीणबाई माझ्यावर उखडल्या. “जखम चिघळायला लागलीय. आणखी दोन दिवस गेले असते तर डोळा गेला असता. तुम्ही कोण यांचे?”

“आम्ही एकाच मंडळीतले.”

“मग इतके दिवस काय करत होता?”

त्या तीन दिवसांबद्दल विचारत होत्या. “आमचं बोलणं नव्हतं,” मी खरं ते सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून दोघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि दर तासाला घालायचं औषध लिहून दिलं.

परतताना सरळगावच्या पुढं पावसानं गाठलं. नोव्हेंबरातला पाऊस, थेंब मोठे आणि बेताल. भिजलेलं भात काळं पडतं, कोंब फुटतात, वर्ष हातचं जातं. मागं दानियलभाऊंच्या मनात तेच चाललंय, हे मला पाठीला कळत होतं. वाडीत शिरलो तर खळं रिकामं. एक पेंढी नाही. आम्ही दोघं पावसात उभे राहून त्या स्वच्छ जमिनीकडं बघत राहिलो. मग मालूची हाक आली.

पत्र्याची खोली छपरापर्यंत भरली होती. चटई, बाक, कॅलेंडर, सगळं भाऱ्यांखाली. उरलेल्या फटीत मुलं दाटीवाटीनं बसलेली, केसांत पेंढा, हातापायांवर ओरखडे. मधोमध कमळाबाय बिस्किटांचा पुडा वाटत होत्या. पाळकसाहेब पँट दुमडून दारात उभे होते, अंगभर कुसळं. “आज वर्ग मीच घेतला,” ते म्हणाले.

मी पिशवीतला त्या दिवसाचा पाठ काढलाच नाही. काय होता तेही आठवत नाही.

तीन आठवड्यांनी पिकाच्या उपकारस्तुतीची उपासना झाली. दर तासाला मालूनं थेंब घातले होते, घड्याळ बघून, आज्याची दया न करता. डोळा वाचला. कडेला एक पुसट डाग राहिला. मी गीत सुरू केलं, या वेळी सूर विचारून घेऊन. दुसऱ्या कडव्याला ढोलकी थांबली. दानियलभाऊ डोळ्यावरची हिरवी पट्टी सारखी करत म्हणाले, “सूर बरा हाय. पण आता ताल चुकतो.” आणि माझ्याकडं बघून, बोटांनी मोजत, त्यांनी मला हाताला धरून नेल्यासारखं पुन्हा सुरुवातीला नेलं.

रत्नाचं प्लास्टर नाताळच्या आधी निघालं आणि तिची शाळा तिला परत मिळाली. मुलांना काय काय शिकवलं याची मी एक यादी करून दिली होती. तिनं ती वहीत चिकटवली, पण वापरल्याचं मला आठवत नाही.

काल गेलो तेव्हा दानियलभाऊंकडं भात मशीनवर मळून झालं होतं. आता झोडणी नाही, तासाभरात सगळं मोकळं होतं. ते पडवीत भाताच्या गोण्या शिवायला बसले होते. हातात दाभण, दुसऱ्या हातात सुतळी. टोक थुंकी लावून वळायचे आणि नेढ्यात, दाभणाच्या भोकात, घालायला बघायचे; ते बाजूनंच जायचं. “तुमी घाला,” म्हणून माझ्याकडं दिलं. माझा चष्मा गाडीत राहिलेला. मी दाभण लांब धरलं, जवळ धरलं. सुतळीचे तंतू सुटले. ते म्हणाले, “वर धरा.” मी म्हणालो, “तुम्ही हलू नका.”

“सुईच्या नाकातून उंट जाण्याची एक गोष्ट आहे आपल्यात,” मी म्हणालो.

“उंटाचा सोडा. सुतळी घाला.”

एका बाजेवर बसून, चार हात आणि मोजून दीड डोळा लावून, आम्ही त्या भोकाशी झटत होतो. एवढ्यात मालू घरातून आली. पंधरा वर्षांची झालीय, उंच झालीय, धाकट्यांचा वर्ग आता रत्नाबरोबर तीच घेते. कंबरेवर हात ठेवून तिनं आमचं थोडा वेळ बघितलं. मग दाभण काढून घेतलं, सुतळीचं टोक दातानं तोडलं आणि एका दमात आरपार नेलं.

“सरका,” ती आमच्या मधे बसत म्हणाली.

आम्ही दोघंही सरकलो.